ढम्याच्या लक्षात राहिलं तेव्हा

बाजाराच्या रस्त्यावरच्या पाट्या नीट पाहिल्या, तर त्या एकाच हाताच्या आहेत हे कळतं. अक्षरं गुबगुबीत, पोट पुढे काढून उभी. काना सरळ, पण वेलांटी जरा जास्तच लांबलेली, दुपारच्या जांभईसारखी. किल्लीवाला, कापडवाला, दातांचे डॉक्टर, पिठाची गिरणी, सगळ्यांची नावं त्या हाताने लिहिली. ज्याचा हा हात, त्याला सगळे पेंटर म्हणतात. त्याचं खरं नाव मतदारयादीत आहे आणि तिथे ते सुखात आहे.

पण पेंटरला लोक ओळखतात ते पाट्यांमुळे नाही, एका अस्वलामुळे.

दर शनिवारी एक चार पानी साप्ताहिक निघतं. पहिल्या पानावर नळाला पाणी नसल्याची तक्रार, दुसऱ्यावर तिचा खुलासा, तिसऱ्यावर जाहिराती, आणि चौथ्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चार चौकटी. लोक पेपर हातात आला की आधी उलटा करतात. त्या चार चौकटींत ढम्या राहतो. एकवीस वर्षं झाली त्याला तिथे राहून.

ढम्या म्हणजे आखूड पायांचं, मोठ्या घेराचं अस्वल. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, चेहऱ्यावर स्वतःबद्दल अपार विश्वास. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्या स्वतःच्या सायकलला ब्रेक नाही. पहिल्या चौकटीत तो काहीतरी करायला निघतो. दुसऱ्या चौकटीत झाडावर बसलेली साळूताई नावाची साळुंकी विचारते, “मागच्या वेळी काय ठरलं होतं?” ढम्या म्हणतो, “काय ठरलं होतं?” तिसऱ्या चौकटीत जे व्हायचं ते होतं. चौथ्या चौकटीत तो कुठेतरी पट्टी बांधून बसलेला असतो आणि मोठ्या गंभीरपणे सांगतो, की आजपासून उतारावर जाण्याआधी ब्रेक बघायचा म्हणजे बघायचा. पुढच्या शनिवारी तो पुन्हा उताराच्या माथ्यावर उभा, टोपी सारखी करत.

पेंटर ही चित्रं शेवटाकडून काढायचा. बुधवारी जेवण उरकलं की टेबल खिडकीपाशी ओढायचा, टाक शाईत बुडवायचा आणि आधी चौथ्या चौकटीतली पट्टी काढायचा. नाकावर, गुडघ्यावर, कधी शेपटीवर. पट्टी कुठे बसली ते दिसलं, की ढम्या कसा पडला ते त्याला दिसायचं. कसा पडला ते दिसलं, की कुठे निघाला होता ते दिसायचं. विहिरीतून पोहरा वर ओढावा तशी ती गोष्ट तळापासून वर यायची.

आणि धडे? धडे घरातच पिकायचे.

पेंटरच्या बायकोला सगळे पेंटरीणबाई म्हणतात. ती शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. मशीन दारासमोर ठेवलेलं, म्हणजे एक डोळा टाक्यावर आणि एक नवऱ्यावर. पेंटर कुणी न धरता शिडीवर चढला आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन खाली आला, ते तिने पाहिलेलं. रंगाचा ब्रश कानामागे खोचून तो लग्नाला निघाला, तेही तिनेच पाहिलेलं. आतल्या खोलीची जमीन रंगवायची म्हणून तो दारापासून सुरू झाला आणि शेवटी पलीकडच्या कोपऱ्यात वीतभर कोरड्या जागेत उभा राहिला, ते तर तिने तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी तिने जेवणाचा डबा काठीला अडकवून खिडकीतून आत दिला होता.

“अहो, मागच्या वेळी काय ठरलं होतं?” तिने विचारलं होतं.

“काय ठरलं होतं?” कोपऱ्यातून उत्तर आलं होतं.

साळूताई म्हणजे पेंटरीणबाई हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पेंटर मात्र मान्य करायचा नाही.

“ती पक्षी आहे,” तो म्हणायचा.

“पक्ष्याच्या तोंडी माझी वाक्यं कशी?” ती मशीनचं चाक थांबवून विचारायची.

“पक्षी ऐकतात. त्यांना काय उद्योग आहे दुसरा.”

असं एकवीस वर्षं चाललं. मग मध्ये आल्या थोरल्या बाई.

थोरल्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. चौथीचा वर्गही त्याच घेतात. शिवाय साप्ताहिकाच्या मालकांची सख्खी मोठी बहीण. मालकांची पन्नाशी उलटून गेली तरी बहीण छापखान्यात शिरली की ते खुर्चीतून उठून उभे राहतात आणि हात मागे घेतात.

बाईंनी वर्गाला एक काम दिलं होतं. ढम्या आजवर काय काय शिकला, त्याची यादी करा. हेतू चांगला होता. मुलांनी घराघरांतून जुने अंक आणले, कपाटातल्या कागदांखालचे, डब्यांत अंथरलेले. वर्गाच्या मॉनिटर मुलीने, तिच्या दोन्ही वेण्या कायम ताठ असायच्या, सगळं एका वहीत उतरवलं. शिडीला कुणीतरी धरायला हवं, हे ढम्या एकतीस वेळा शिकला होता. उतारावर जाण्याआधी ब्रेक बघावा, चव्वेचाळीस वेळा. ओल्या रंगाच्या बाकावर बसू नये, सत्तावीस वेळा. मुलीने प्रत्येक धड्यापुढे पाचपाचच्या रेघा मारल्या होत्या आणि त्या पानाच्या बाहेर निघाल्या होत्या.

बाई ती वही घेऊन तडक छापखान्यात गेल्या.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

मालकांनी पानं चाळली. “ताई, हे अस्वल आहे.”

“अस्वल सर्कशीत एकदा शिकलं की विसरत नाही.”

“गंमत आहे ती.”

“चव्वेचाळीस वेळा ब्रेक विसरणं गंमत आहे? मुलं काय शिकतील यातून? की शिकलं काय, नाही शिकलं काय, पुढच्या शनिवारी सगळं पुसून कोरं. तुझी वहीही अशीच कोरी असायची, आठवतं ना?”

मालकांना आठवलं.

संध्याकाळी त्यांनी पेंटरला बोलावलं. “पेंटर, आता ढम्याच्या लक्षात राहायला पाहिजे.”

“काय?”

“सगळंच.”

“आणि नाही राहिलं तर?”

मालकांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. “तर तो कोपरा केसगळतीवरच्या सदराला. दातांचे डॉक्टर लिहितो म्हणालेत.”

“दातांचे डॉक्टर केसांवर?”

“दातांवर लिहिलं तर लोक दात सांभाळायला लागतील, असं त्यांचं म्हणणं.”

पेंटर पायी घरी निघाला. वाटेत त्याच्या स्वतःच्याच पाट्या होत्या, पण मधेमधे मोकळ्या जागा दिसायला लागल्या होत्या. तिथे आता प्लास्टिकच्या छापील पाट्या होत्या, त्यांच्यावर दुकानदारांचे हसरे फोटो. मशीनमधून पाटी तासाभरात निघते, आणि तिची वेलांटी जांभई देत नाही. मागच्या वर्षभरात पेंटरने पाच पाट्या लिहिल्या होत्या. त्याच्या हाताची रेघ आठवड्यातून एकदा लोकांपुढे जायची ती तेवढ्या त्या कोपऱ्यातून. तो कोपरा गेला, तर हात राहणार नुसता जेवायला.

“काय झालं?” पेंटरीणबाईंनी विचारलं.

“ढम्याला शहाणं करायचंय.”

ती हसली नाही. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, “आधी उदाहरण बघायला मिळालं पाहिजे त्याला.”

बुधवारी पेंटर टेबलाशी बसला. चौथी चौकट आधी. पण ढम्या पडणार नाही म्हणजे पट्टी नाही. पट्टी नाही म्हणजे तळाला काही नाही. पोहरा सोडावा आणि दोर सैलच राहावा, तसं झालं. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, जमिनीवरून भिंतीवर चढलं. शेवटी त्याने काढलं ते असं: ढम्या शिडीपाशी येतो. ढम्या शिडीकडे बघतो. ढम्याला आठवतं. ढम्या घरी जातो.

दुसऱ्या आठवड्यात ढम्याने ब्रेक तपासला. ब्रेक नव्हता. तो चालत गेला.

तिसऱ्या आठवड्यात ढम्या बाकापाशी उभा राहिला. बाकावर “ओला रंग” लिहिलं होतं. चारही चौकटींत तो उभाच. साळूताईला विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून पेंटरने झाड रिकामं ठेवलं.

न्हावी दर शनिवारी ढम्या कापून आरशाच्या कडेला चिकटवायचा. त्याने पेंटरच्या गालाला साबण लावता लावता विचारलं, “पेंटर, ढम्याची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. शहाणा झालाय.”

“कधीपर्यंत?”

घरी पेंटरीणबाईंनी अंक उलटा केला, बराच वेळ बघितला. “माझी... त्या साळुंकीची जागा मोकळी का?”

“तिला काम नाही आता.”

“काम नाही म्हणून कुणी झाडावरून उठवतं का?”

घरात तर आणखीच पंचाईत. शहाणा प्राणी जगतो कसा हे कळावं म्हणून पेंटरने स्वतःच शहाणं व्हायचं ठरवलं. शिडी उचलायच्या आधी हाक मारायचा, “अगं, धरायला येतेस?” ब्रश कानामागे आहे का, ते घराबाहेर पडण्याआधी तीनदा चाचपायचा. डबा उघडायच्या आधी खाली कागद अंथरायचा, आणि कागदाखाली आणखी एक कागद. एक छोटीशी “कुत्र्यापासून सावध” पाटी लिहायला त्याला सहा दिवस लागले. कुत्रं तोवर त्याच्या ओळखीचं होऊन गेलं.

“चार दिवस झाले,” पेंटरीणबाई एकदा म्हणाली, “मला तुमच्यावर एक शब्द बोलायला मिळालेला नाही. घसा बसलाय माझा.”

“चांगलंच आहे की.”

“कुणाचं?”

चौथ्या आठवड्यात मालकांनी पुन्हा बोलावलं. या वेळी ते उभे नव्हते, म्हणजे बहीण आलेली नव्हती. त्यांच्यासमोर पत्रं पडली होती. वाचक विचारत होते, की पेंटर आजारी आहे का, आणि त्याच्या जागी काढतंय कोण.

“पेंटर, विसरणारा ढम्या ताईला चालत नाही. आठवणारा ढम्या लोकांना चालत नाही. मी काय करू?”

“मी काय करू?” पेंटरनेही विचारलं.

“पुढच्या शनिवारपासून डॉक्टरांचं सदर घेतो. त्यांनी लिहून पण ठेवलंय. वाईट वाटून घेऊ नका.”

पेंटर वळला. दारापर्यंत गेला, तिथे पायरी होती, ती त्याने बघून ओलांडली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या पायरीला तो अडखळला नाही. मालकांना ते बघूनच जास्त वाईट वाटलं.

तरी एक काम हातात होतं. शाळेची बाकं. दर वर्षी एका रविवारी पेंटर ती निळी रंगवायचा. एक हात मारायचा, दुपारी घरी जायचा, सोमवारपर्यंत रंग कोरडा. या रविवारी त्याला आठवलं, की एका हाताचा रंग लवकर उडतो, असं बायकोने किती वेळा सांगितलंय. म्हणून त्याने जाड दोन हात मारले. मग शहाण्या माणसासारखा विचार करून जागोजागी “ओला रंग” अशा अकरा पाट्या लावल्या. असल्या सुबक पाट्या त्याने वर्षभरात लिहिल्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी शाळेतून निरोप आला. पेंटर आणि पेंटरीणबाई दोघेही गेले.

मैदानात चौथीचा वर्ग रांगेत उभा होता. अडतीस मुलं. समोरून पाहिलं तर सगळं ठीक. थोरल्या बाई म्हणाल्या, “मागे वळा,” आणि अडतीस निळी बुडं एका दमात पेंटरकडे झाली. काहींच्या पाठीवर फळ्यांच्या रेघाही उठल्या होत्या.

पेंटरीणबाईंच्या तोंडून नुसता श्वास गेला. ते गणवेश तिनेच शिवले होते.

“अकरा पाट्या होत्या,” बाई मुलांना म्हणाल्या. “अकरा. वाचता येतं ना चौथीत?”

“हो, बाई,” अडतीस आवाज.

“मॉनिटर, तू सांग. पाटीवर काय लिहिलं होतं?”

ताठ वेण्यांची मुलगी पुढे आली. ती मागून सगळ्यांत जास्त निळी होती. “ओला रंग, बाई.”

“मग?”

“मग खरंच ओला आहे का, ते कुणीतरी बघायला नको?”

“का बघायचं? आजवर दर वर्षी बाकं रंगवली. कुणी कधी बघितलं होतं का?”

“आधी ढम्या बघायचा,” मुलगी म्हणाली.

बाईंनी पदर पुढे ओढला.

“तो बसायचा, बाई. मग आम्हाला माहीतच असायचं. आम्ही वर्गातून ओरडायचो, अरे बसू नको, ओला आहे. तरी तो बसायचा. आता तो बसतच नाही. नुसता उभा राहतो. मग आम्ही ठरवलं, की आपल्यातल्या एकाने बसून बघायचं.”

“एकाने. मग अडतीस कसे?”

मुलीने जरा विचार केला. “पहिल्याचं बाकीच्यांना खरं वाटलं नाही.”

पेंटर जमिनीकडे बघत होता. हसू आलं तर ते दिसू नये म्हणून त्याने मिशी चावली. पेंटरीणबाई मात्र मुलांकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. बाईंचा डावा हात बोलताना हलत होता. उजव्या हाताची मूठ पदराखाली घट्ट मिटलेली होती, आणि पदराच्या काठावर एक छोटासा, गोल, निळा ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा.

“बाई, हाताला काही लागलं का?” पेंटरीणबाईंनी साध्या आवाजात विचारलं.

“नाही. काही नाही.”

“मला वाटलं लागलं. असू दे. टर्पेंटाईन आणलंय मी, त्याने निघतं. आधी मुलांचं पुसते. उरलं तर बाटली तुमच्या टेबलावर ठेवून जाते. फडकंही ठेवते.”

“ठेवा,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर दुसरीकडे गेली.

ते दोघं भराभर चालत घरी आले. दार लावलं आणि पेंटरीणबाई मशीनपाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अकरा पाट्या लावल्या तुम्ही,” ती म्हणाली, “आणि त्या बाईंनीसुद्धा...”

“मी काही पाहिलं नाही,” पेंटर म्हणाला. “तू पण पाहिलं नाहीस.”

मंगळवारी मालकांनी पेंटरला छापखान्यात बोलावलं आणि एक घडीचं पत्र समोर ठेवलं. थोरल्या बाईंच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं:

“ढम्याच्या स्मरणशक्तीबाबत शाळेचा यापुढे आग्रह नाही. काही गोष्टी वर्गाने करून बघण्यापेक्षा अस्वलाने करून बघितलेल्या बऱ्या, असं अनुभवांती वाटतं. तो पूर्वीप्रमाणे वागल्यास हरकत नाही.”

खाली सही. आणि घडी जिथे पडली होती तिथे, कागदाच्या मागे, फिकट निळा बोटाचा ठसा. टर्पेंटाईनने पुसूनही थोडासा उरलेला.

“ताईने सही केलीय, आणि बोटही उठवलंय,” मालक हळूच म्हणाले. “हे कसलं असेल?”

“शाई असेल,” पेंटर म्हणाला.

“आमच्याकडे निळी शाई नाही.”

“मग दुसरं काहीतरी असेल.”

मालकांनी पत्र पुन्हा घडी करून वरच्या कप्प्यात ठेवलं आणि कप्प्याला किल्ली लावली. एवढ्या वर्षांत बहिणीविरुद्ध त्यांच्या हाती काही लागलेलं नव्हतं. “डॉक्टरांचं सदर तिसऱ्या पानावर घेतो,” ते म्हणाले. “पण ढम्या उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे. आणि खरा ढम्या पाहिजे, पेंटर. शिडीकडे बघून घरी जाणारा आणलात, तर मग माझा नाइलाज.”

बुधवार उजाडला. पेंटर सकाळीच टेबल ओढून बसला. टाक शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरला. महिनाभर तो कुठे पडला नव्हता, कशात अडकला नव्हता, काही सांडलं नव्हतं. पट्टी काढायची तर कुठे? नाकावर काढली, ती खोटी वाटली. गुडघ्यावर काढली, तीही कुणाची तरी उसनी. दुपार होत आली. त्याने तिसरा कागद चुरगाळला.

पेंटरीणबाई मशीनवरून बघत होती. समोर अडतीस गणवेशांचा ढीग होता. मग ती सहज म्हणाली, “अहो, शाळेचा निळा रंग उरलाय ना डब्यात. आतल्या खोलीची जमीन उडालीय सगळी. वाळून जाण्याआधी वापरून टाका की.”

“आत्ता?”

“बसून तरी काय करताय.”

पेंटर उठला. हात काहीतरी करायला लागले की डोकं चालतं, असं स्वतःशीच पुटपुटत त्याने डबा आणि मोठा ब्रश उचलला. आतल्या खोलीच्या दारात उकिडवा बसला आणि दारापासून सुरू झाला.

पेंटरीणबाईचा पाय मशीनवर थांबला. तोंड उघडलं. एकवीस वर्षांची सवय जिभेच्या टोकापर्यंत आली. तिने ती गिळली, आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पेंटर रंगवत गेला. निळं पाणी पसरावं तशी जमीन त्याच्यामागोमाग भरत गेली. तो मनातल्या मनात ढम्याला शोधत होता, उतारावर, शिडीवर, नदीकाठी, आणि सापडत नव्हता. मग त्याची पाठ भिंतीला लागली. त्याने मान वळवली. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. दार दूर, पलीकडच्या काठावर. मध्ये सगळं निळं, ओलं, चकचकीत.

मशीन थांबलं. दारात पेंटरीणबाई येऊन उभी राहिली. चष्मा नाकावर घसरलेला.

“अहो,” ती म्हणाली, “मागच्या वेळी काय ठरलं होतं?”

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. मग ब्रशकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला, पाऊलवाट चुकलेल्या माणसाला आपल्या घराचा दिवा दिसावा तसा.

“काय ठरलं होतं?” तो म्हणाला. आणि मग घाईघाईने, “अगं, काठी आण. जेवणाचा डबा नको, आधी कागद दे, फळी दे. टाक दे. शाईची बाटली नीट बांध, हलवू नको.”

तिने खिडकीतून काठीला बांधून एकेक वस्तू आत दिली. वीतभर कोरड्या जागेत, भिंतीला टेकून, गुडघ्यांवर फळी ठेवून पेंटरने ढम्या काढला. पण आज पहिल्यांदा तो पहिल्या चौकटीपासून निघाला, कारण शेवट कुठे आहे ते त्यालाच माहीत नव्हतं. ढम्या दारापासून जमीन रंगवतो. झाडावर साळूताई. ढम्या कोपऱ्यात. बाजूला एक नवीन पात्र, एक उंच, कडक बगळा, जमीन खरंच ओली आहे का ते बघायला पाय पुढे करतो आहे. त्याच्या एका नखाला पेंटरने डब्यात उरलेल्या रंगाचा निळा थेंब लावला.

“छापखान्यात निळी शाई नाही,” पेंटरीणबाई खिडकीतून म्हणाली.

“मग काळं छापतील. मला माहीत असलं म्हणजे झालं.”

“आणि पट्टी कुठे काढणार?”

“पडलो कुठे अजून?”

“खिडकीतून उतरायचंय तुम्हाला,” ती म्हणाली. “थांबा थोडं.”

शनिवारी न्हाव्याने ढम्या कापला, आरशाच्या कडेला चिकटवला, आणि हातातला वस्तरा बाजूला ठेवून नीट बघितला. चौथ्या चौकटीत ढम्याच्या कोपराला पट्टी होती. त्याने समोर बसलेल्या पेंटरच्या कोपराकडे पाहिलं.

रस्त्यापलीकडे शाळेची खिडकी उघडी होती. आतून अडतीस गळ्यांचा एकच ओरडा आला, “अरे, दारापासून नको.” मग थोरल्या बाईंचा आवाज, जरा वेळाने, फार मोठा नाही, “हं. पुढची चौकट बघा.”

“साळूताईला चष्मा लागला म्हणायचा,” न्हावी म्हणाला.

“ती पक्षी आहे,” पेंटर म्हणाला, आणि साबण तोंडात गेला.